सेल नसलेला कॅमेरा

सुमितनं आबांचा कॅमेरा देऊन टाकला होता, तोही कुणाला न विचारता. गौतमी शिरूरहून दौंडला माहेरी आली ती नवा रोल घेऊनच. कपाट उघडलं तर कॅमेऱ्याची कातडी पिशवी रिकामी. धाकटा भाऊ सुमित मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, माझ्या दोस्ताच्या, हृतिकच्या कॅफेत शोभेला दिलाय, बंदच होता, सेल टाकायला साधी जागासुद्धा नव्हती त्याला.

"त्याला सेल लागतच न्हाई," गौतमी म्हणाली. "खटका दाबायच्या आधी लिव्हर ओढला व्हतास का?"

"कसला लिव्हर?"

तिचं डोकंच फिरलं. म्हाळूआबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, रेल्वेत फिटर असताना तो कॅमेरा घेतला होता. बाहेरचे फोटोवाले त्यांच्या वस्तीत यायला का-कू करायचे, त्या काळात वस्तीतली लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका आबांनीच टिपल्या. लिव्हर ओढला की आतली स्प्रिंग ताणली जायची, खटका दाबला की त्याच ताणावर पडदा उघडून मिटायचा. बस, एवढंच. आणि त्याच घरात वाढलेल्या पोराला हे ठाऊक नसावं? त्याहून जास्त राग तिला आबांचा आला. ते बाजेवर बसून म्हणाले, "जाऊ दे पोरी. आता कोण काढतंय फोटो?"

"मी काढतीय," म्हणत तिनं स्कूटीची किल्ली उचलली.

कॅफे शिरूरच्या रस्त्याला होता. कॅमेरा भिंतीवरच्या फळीला चिकटवलेला, गोंदाचे ओघळ थेट भिंगाच्या कड्यापर्यंत. हृतिक समजावत राहिला की ताई, ही थीम आहे, लोक त्याच्याजवळ उभे राहून सेल्फी काढतात. तिनं काउंटरवरची सुरी घेतली आणि फळीच्या रंगासकट कॅमेरा उचकटून काढला. मग लिव्हर ओढून हृतिकच्या कानाशी खटका दाबला. खट्. त्याचा चेहरा उजळला. चालू आहे तर राहू द्या, गिऱ्हाइकांना दाखवता येईल, असं तो म्हणाला, तेव्हा हातातली सुरी गपचूप खाली ठेवणं तिला जड गेलं.

खरं नुकसान घरी आल्यावर कळलं. या कॅमेऱ्यात बघायच्या खिडकीत माणूस दोनदा दिसायचा. भिंगाचं कडं फिरवून दोन्ही प्रतिमा एकावर एक आणल्या की अंतर जुळलं. आता गोंदानं ते कडंच जाम झालं होतं. तरी तिनं रोल चढवला आणि आबांना अंगणात उन्हाला उभं केलं. खिडकीत दोन आबा. दात-ओठ खात तिनं कडं पिळून पाहिलं. हलेना. मग तीच पुढं सरकली, फार पुढं गेली, पुन्हा मागं आली. हळूहळू दोन टोप्यांची एक टोपी झाली, दोन नाकांचं एक नाक.

खट्.

तेवढ्यात सुमित केस सारखे करत आबांशेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, माझा बी काढ की."

"बाजूला हो."

"एवढं काय त्यात? आला ना परत?"

"आला न्हाई, मी आणला. बाजूला हो."

मध्ये पडायला आबांनी तोंड उघडलं, तशी तिनं त्यांच्याकडंही त्याच नजरेनं पाहिलं. सुमित पायरीवर जाऊन बसला. गौतमीनं पुन्हा लिव्हर ओढला आणि ती आबांना म्हणाली, आता टोपी काढा, आन् हसू नका.