बर्फात घातलेली पिशवी

कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा हात इतका हलका, की बसल्या माशीची मिशी कोरली तरी तिची झोप मोडत नसे. यातलं निम्मं खोटं धरा. पण आज त्यानं दुकानच उघडलं नव्हतं, हे अगदी खरं.

बायकोची मूत्रपिंडं थकली होती. डायलिसिससाठी मानेत जाड नळी घालायची, आणि प्लेटलेट्स उतरून अठरा हजारांवर आलेल्या. "अजून कुठून रक्त जात नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण नळी घालताना सुरू झालं तर आवरणं कठीण. आधीच प्लेटलेट्सची एक पिशवी चढवू."

समोरच्या रक्तपेढीतून त्यानं पिवळसर पिशवी आणली. "गार करू नका," देणाऱ्यानं बजावलं होतं. जिन्यात थोरली बहीण उभी. हातात बर्फाचा डबा.

"अरे खुळ्या, अशी उघडी आणतात? नासेल की दुधासारखी!"

"अक्का, ते म्हणाले..."

"त्यांचं काय जातंय? माझी भावजय आहे ती!"

अक्कापुढे यमानंही चप्पल काढून उभं राहावं. पिशवी डब्यात गेली.

आयसीयूच्या दाराशी त्यानं ती काढली, सदऱ्याला पुसली. हाताला गारठा झोंबला.

"गप देऊन टाक," अक्का कुजबुजली. "दुसरीला दोन तास लागले तर?"

सांगावं तर वेळ जातो, न सांगावं तर...

"सिस्टर," तो एकदम म्हणाला, "ही बर्फात होती. दहा मिनिटं."

सिस्टरनं रक्तपेढीला फोन लावला. पिशवी बाद. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "गारठलेल्या प्लेटलेट्स अंगात टिकत नाहीत. तुम्ही सांगितलं नसतं, तर मी त्यांच्या भरवशावर सुई घातली असती. दोन तास कळ काढू."

ते दोन तास म्हातारे होऊन, काठी टेकत गेले. दुसरी पिशवी आली, चढली. नळी बसली.

मग दोघांना आत सोडलं. मानेवरच्या पांढऱ्या पट्टीवर मोहरीएवढा लाल ठिपका होता.

"वाढतोय का रे?"

"थांब, अक्का."

तो वाकून बघत राहिला. पाच मिनिटं. दहा. पलीकडे डायलिसिसचं यंत्र घरघरू लागलं.

"नाही वाढला."

अक्कानं पदरानं डोळे टिपले आणि जन्मात पहिल्यांदा धाकट्या भावाला विचारलं, "मी हात लावू का तिला?"