लाल पेनाचा पूर्णविराम

मित्रांनो, मी एक जुनं लाल पेन आहे. आज दप्तराच्या तळाशी पडून असलो, तरी एके काळी माझा दरारा होता. माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला नावारूपाला आणलं ते माले गावच्या शाळेतल्या हेमलताबाईंनी. मुलांनी लिहिलेल्या गोष्टी त्या माझ्याकडूनच तपासून घ्यायच्या. उद्गारचिन्हांची रांग दिसली, की मी एक ठेवून बाकीची उडवायचो. धापा टाकत पळणारं वाक्य दिसलं, की मधेच तोडायचो. मुलं रडकुंडीला यायची आणि मला फार बरं वाटायचं.

यंदाच्या गोष्टींच्या स्पर्धेला सातवीतल्या रेश्माने गोष्ट दिली. तिचा थोरला भाऊ राजू उरवड्याच्या कंपनीत कामाला होता. गेल्या वर्षी त्याची मोटारसायकल धरणाच्या कडेला सापडली. तो काही सापडला नाही. आई अजून त्याचं ताट वाढून ठेवते. रेश्माच्या गोष्टीतला भाऊ दारातून वळून म्हणतो, "मी येतोच..." आणि त्या तीन टिंबांवर गोष्ट थांबते.

टिंबं अगदी जागच्या जागी होती. वाचणाऱ्याचा जीव त्या दारातच घुटमळायचा. पण बाईंना अर्धवट काही खपत नाही. त्यांनी रेश्माला वर्गापुढे उभं केलं, मला तिच्या हातात दिलं आणि टिंबं खोडून पूर्णविराम द्यायला सांगितलं.

रेश्मा हळू आवाजात म्हणाली, "नगं बाई. टिंबं हायेत तवर त्यो वाटंवर हाय."

"गोष्टीला शेवट लागतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "तो येणार नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. दे पूर्णविराम."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. रेश्माने मला कागदावर टेकवलं आणि मी कच खाल्ली नाही. असा ठसठशीत पूर्णविराम मी आयुष्यात दिला नव्हता.

गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणून बाईंनी मलाच तिच्या हवाली केलं. टाळ्याही झाल्या. घरी आईने कौतुकाने गोष्ट वाचून दाखवायला सांगितली, तेव्हा रेश्माने कागदाची घडी केली आणि माझ्यासकट दप्तराच्या तळाशी सारली.

तेव्हापासून तिने एक ओळ लिहिलेली नाही. माझी शाई सुकत चालली आहे. मित्रांनो, कामाच्या वस्तूला असं अडगळीत टाकू नये. तिची निगा राखावी. कुणीतरी माझं टोपण काढा. अजून कितीतरी गोष्टी संपवायच्या राहिल्या आहेत.