टाळ थांबले की येणारा आवाज

आमच्या गावच्या सप्ताहात महाराजांच्या पाठीमागे, उजवीकडून पहिली जागा माझी. अकरा वर्षं मी तिथे टाळ घेऊन उभा राहिलो. शेजारी खेमसिंग, तांड्यावरचा. त्याला अभंग पाठ नसत, पण टाळ असा धरी की मृदंगवाल्याने त्याच्याकडे बघून हात सावरावा. कीर्तनाइतकं गोड मला दुसरं काही नाही. एक वेळ जेवण चुकलं तर चालेल, निरूपणातलं एक वाक्य चुकलेलं चालत नाही. बायको, शोभा, म्हणे की तुमचं लग्न माझ्याशी लागलं की टाळाशी, ते एकदाचं सांगून टाका.

त्या वर्षी काल्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं माझ्या पऱ्हाटीवर फवारत होतो. कापसाने तेव्हा सगळ्यांनाच जेरीस आणलं होतं. एका औषधाने तुडतुडे मरत नाहीत म्हणून लोक दोन औषधं एकत्र करत. आम्हीही केली. वारं सारखं फिरत होतं. तिसऱ्या पंपाला मला ठसका लागला, तसा खेमसिंगने माझ्या पाठीवरचा पंप उतरवूनच घेतला.

"तुले उद्या गौळण म्हणा लागते, नीळकंठा. हा भपकारा घशात गेला तं गळा बसन. तू बस धुऱ्यावर, तुहे पंप मी मारतो."

मी नको म्हटलं, पण फार जोर लावून नाही. खरं सांगतो, मलाही गौळणीचीच काळजी होती. बांधावरच्या पळसाखाली बसून मी ती गुणगुणत राहिलो, आणि त्याने त्याचे नि माझे मिळून अठरा पंप मारले. तोंडाला दुपट्टा, पाठीवरचा सदरा गळणाऱ्या औषधाने चिंब.

महिनाभरापूर्वी शेजारच्या गावात एक माणूस असाच फवारून आला होता. ओट्यावर बसून म्हणाला, कानात रातकिडा शिरला वाटते. ऐकणारे हसले. दुसऱ्या दिवशी त्याला यवतमाळला नेलं, तिथून तो परत आला नाही. तेव्हापासून आमच्याकडे फवारून आलेला माणूस आधी कान झटकून बघे.

काल्याचं कीर्तन सकाळी दहाला उभं राहिलं. महागावहून स्वानंद फोटोवाला आला होता. त्याने रोलचा कॅमेरा विकून नवा डिजिटल घेतला होता, त्यात माणूस चालता-बोलता टिपता येतो म्हणून गावाने त्याला मुद्दाम बोलावलं होतं. महाराज आणि समोरचे लोक दोन्ही दिसावेत म्हणून त्याने तीन पायांचा स्टँड नेमका माझ्या उजव्या कानाशी रोवला.

महाराजांनी कालियाच्या डोहाची कथा लावली. गोपाळांना तहान लागली, विषाचं पाणी प्यायले आणि काठावरच आडवे झाले. इथे महाराज थांबले. टाळ शांत, मंडप शांत.

तेव्हा मला तो ऐकू आला. केसाएवढा बारीक आवाज, चीं असा लांबलेला, न तुटणारा. डास असता तर इकडेतिकडे फिरला असता. हा जागचा हलत नव्हता.

मी आवंढा गिळला, मान झटकली, आवाज तिथेच. दोन्ही हातांत टाळ, कानात बोट घालणार कसं? मी तर तीनच पंप मारले होते. पण तीनही कमी नसतील. त्या शेजारच्या गावच्या माणसाने किती मारले होते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मागे किसनराव वीणा घेऊन उभे होते. सत्तरी ओलांडलेले, शेताचं तोंड पाहून वर्षं झालेली. मी मागे झुकून हळूच विचारलं, काही आवाज येतो का. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. काहीच येत नव्हतं. मग मी डावीकडे वळून खेमसिंगला विचारलं, बारीक चीं असं काही कानात येतं का.

"येऊन राह्यला ना," तो म्हणाला. "सकाळपासूनच."

मी त्यातलं 'येऊन राह्यला' एवढंच ऐकलं. ज्याने पंप धरला नाही त्याला ऐकू येत नाही, आणि आम्हा दोघांना येतं. आता आणखी काय पुरावा पाहिजे होता? समोर बायकांत शोभा बसली होती, मांडीवर काल्याच्या लाह्यांची परडी. तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात महाराजांनी गौळणीची खूण केली. मी सूर लावला. आवाज कापत होता. लोकांना वाटलं भाव दाटून आला, दोन म्हाताऱ्यांनी तर डोळ्यांना पदर लावला. खेमसिंगचा टाळ मध्येच दोनदा चुकला. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं, पण मी माझ्याच भीतीत बुडालेलो. घाबरला असेल बिचारा, असं म्हणून पुढचं कडवं उचललं.

गौळण संपली, टाळ थांबले. चीं चालूच. देवा, एवढा सप्ताह पार पडू दे, मग चल म्हणालास तर येतो, असं मी मनात म्हणत होतो, आणि त्याच वेळी नको नेऊ, असंही.

शेजारी स्वानंद च्च असं काहीतरी पुटपुटला. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं. त्याने बटण दाबलं, पुढची नळी आत गेली, आणि आवाज बंद झाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्याने दुसरं कार्ड घातलं, कॅमेरा सुरू केला. चीं. मी खूण केली, बंद कर. गेला.

"हा असाच कुईं करते, भाऊ," तो कानाशी येऊन म्हणाला. "म्हाताऱ्याईले ऐकू नाही येत, म्हणून बरं हाये."

मला हसू फुटलं. टाळ तोंडापुढे धरून ते दाबलं, आणि खेमसिंगला कोपराने ढोसलं. अबे, कॅमेरा होता तो, आपण उगाच घाबरलो, बघ, त्याने बंद केला तसा गेला आवाज.

खेमसिंगने माझ्याकडे पाहिलं.

"कुठी गेला? चालूच हाये."

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. बंद होता. मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदा. हनुवटीवरून घामाची धार लागली होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती पुसायचं त्याला भान नव्हतं. डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झालेली. सकाळपासूनच, तो म्हणाला होता. आणि स्वानंद तर कीर्तनाच्या तोंडावर गावात आला होता.

अकरा वर्षांत मी निरूपण चालू असताना खोकलोसुद्धा नव्हतो.

"महाराज," मी मोठ्याने म्हटलं, "थांबा."

सगळा मंडप माझ्याकडे वळला. महाराजांनी मागे वळून एकदाच खेमसिंगकडे पाहिलं आणि गळ्यातला हार काढून ठेवला. म्हणाले, हंडी थांबेल, माझी जीप घेऊन जा. कोणीतरी त्याचा सदरा काढला, घागरभर पाणी अंगावर ओतलं. शोभा लाह्या तिथेच टाकून घरी धावली आणि दोन्ही औषधांचे रिकामे डबे घेऊन आली, डॉक्टरला दाखवायला.

महागावपर्यंत अकरा किलोमीटर. मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याने झोपू नये म्हणून मी दर मैलाला विचारत होतो, आवाज येते काय. तो म्हणे, येते. तासाभरापूर्वी ज्या आवाजाला मी थांब थांब म्हणत होतो, तोच चालू राहू दे म्हणून आता देवाची विनवणी करत होतो.

एकदा त्याने आपण होऊन तोंड उघडलं.

"तुही गौळण साजरी झाली."

माझा गळा अगदी ठणठणीत होता.

महागावची घरं दिसायला लागली तेव्हा मी पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. मी कान त्याच्या ओठांशी नेला. आत श्वास घरघरत होता, आणि माझ्या मनगटावर, टाळाचा ठेका धरावा तसं, त्याचं बोट एकदा आपटलं. थांबलं. पुन्हा एकदा आपटलं.

मी ड्रायव्हरला सांगितलं, हॉर्नवरचा हात काढू नको.