रविवारचा वजनकाटा

दर रविवारी सकाळी सात वाजता दानेश्वरी चाळीस-पन्नास माणसांसमोर वजनकाट्यावर उभी राहायची. चपला काढायची, हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवायची आणि समोरच्या भिंतीकडं बघत उभी राहायची. आकडा वाचायचं काम तिच्या नवऱ्याचं, रुद्रेशचं. "सहासष्ट किलो चारशे," असं तो माईकवरून म्हणाला की टाळ्या पडायच्या. मग ती बांगड्या चढवून बाजूला व्हायची आणि बाकीच्यांची रांग लागायची.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत, त्यांच्या घराखालच्या गाळ्यात पूर्वी रुद्रेशचं सायकलींचं दुकान होतं. आता तिथं आहारवर्ग भरायचा. दारावरच्या फ्लेक्सवर दोन दानेश्वरी होत्या. एक चौऱ्याण्णव किलोंची, निळ्या साडीतली, घामेजलेली. दुसरी सहासष्टची, पंजाबी ड्रेसमधली, हसणारी. बाजारात लोक दुसरीला ओळखायचे आणि पहिलीबद्दल विचारायचे.

तीन वर्षांपूर्वी तिच्या पायाच्या अंगठ्यात खिळा गेला होता. जखम दीड महिना भरेना. डॉक्टर संयोगितांनी रक्त तपासायला लावलं, तर साखर उपाशीपोटी दोनशे ऐंशी. गोळ्या सुरू झाल्याच, पण डॉक्टरांनी तिला समोर बसवून तिचं ताट कागदावर लिहून काढायला सांगितलं. सकाळी पोहे, दुपारी तीन भाकरी आणि भात, चार वाजता चहा-बिस्किटं, रात्री परत भाकरी-भात, शिवाय प्रत्येक चहात दोन चमचे साखर. लिहिता लिहिता तिचाच हात थांबला. घरात अंडं-मासळी चालत नव्हती, त्यामुळं बदल सोपा नव्हता. भाकरीच्या जागी भाजी वाढली, भाताच्या जागी किसलेला कोबी परतला, पनीर आलं, ताक आलं, मूठभर शेंगदाणे आले. पहिले पंधरा दिवस डोकं ठणकायचं. संध्याकाळी शेजारच्या घरातून भाकरी भाजल्याचा वास आला की ती खिडकी लावून घ्यायची. पहाटे रंकाळा तलावावर चालायला जायची. आधी एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत, मग अर्धा रंकाळा, मग पुरा.

चौदा महिन्यांत अठ्ठावीस किलो उतरले. जखम कधीच भरून आली होती, गोळ्या डॉक्टरांनी एकेक करून बंद केल्या. एके दिवशी खाली बसून, वाकून, तिनं आपल्या पायाची नखं आपण काढली. कित्येक वर्षं हे काम तिनं दुसऱ्याकडून करून घेतलं होतं. नखं काढून झाल्यावरही ती बराच वेळ तशीच बसून राहिली. त्या आनंदात कुणाचा वाटा नव्हता.

वाटा नंतर पडला. रुद्रेशनं तिचे दोन फोटो शेजारी शेजारी लावून मोबाईलवर पाठवले. बायका विचारायला घरी यायला लागल्या. दानेश्वरी दोन वाक्यं बोलायची आणि रुद्रेश वीस. त्याला बोलायला आवडायचं आणि सायकलींना तर गिऱ्हाईक उरलंच नव्हतं. वर्षभरात दुकान बंद झालं, खुर्च्या आल्या, माईक आला. मुलगा शिकायला पुण्याला गेलेला, घरात दोघंच. दोघांचंही सगळं आयुष्य त्या काट्याभोवती फिरायला लागलं.

लग्नाच्या पंगतीत तिच्या पानाकडं लोक बघायचे. एकदा तिनं जिलेबीचा एक तुकडा उचलला, तर समोरची बाई सरळ म्हणाली, "हे चालतंय व्हय तुमास्नी?" तिनं तो खाली ठेवला. घरी आल्यावर रुद्रेश म्हणाला, "चारचौघांत जपत जा की, दानू. आता तू एकटीची न्हाईस." तो रागानं बोलला नव्हता, आणि म्हणूनच तिला उलट बोलता आलं नाही.

यंदा जानेवारीत कुरुंदवाडला तिची आई बसम्मा न्हाणीत पडली. मांडीचं हाड मोडलं. दानेश्वरी दोन महिने माहेरी राहिली. आई जेवायला मागेना. ताट पुढं केलं की तोंड फिरवायची.

"तू जेवलीस?" तिनं एकदा विचारलं.

"जेवले की, अव्वा."

"खोटं बोलू नको. ते काय जेवण हाय? म्हशीला घालत्यात तसला पाला खातीस तू. तू बस माझ्यासंगं, तर मी खातो."

दानेश्वरीनं शाळूची एक भाकरी मोडून दोघींत घेतली. वर शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. अडीच वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडात भाकरी गेली होती. आई सगळं जेवली. मग रोजचंच झालं. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. आई हळूहळू काठी धरून चालायला लागली आणि दानेश्वरीचे ड्रेस दंडात घट्ट झाले.

कोल्हापूरला परतल्यावर तिनं शनिवारीच सांगून टाकलं, "अहो, माझं वजन वाढलंय. उद्या मी काट्यावर चढत न्हाय."

"किती वाढलं असंल? एक-दोन किलो. आज पाणी जरा कमी पी, रात्री जेवू नको. पहाटे शाल गुंडाळून रंकाळ्याला दोन फेऱ्या मार. उतरतंय."

तिनं तसंच केलं. रविवारी घसा कोरडा, कपाळ दुखत असलेलं, अशी ती काट्यावर उभी राहिली आणि खाली बघितलं. एकोणसत्तर किलो दोनशे. आकड्याची पट्टी तिच्याकडं आणि रुद्रेशकडं होती, लोकांकडं नव्हती. रुद्रेशनं क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि माईक तोंडाशी नेला.

"सहासष्ट किलो आठशे. दोन महिने आईची सेवा केली, तरी बघा."

टाळ्या वाजल्या. दानेश्वरीच्या ओठांशी शब्द आले होते. पण समोर चाळीस चेहरे हसत होते, आणि ती बांगड्या चढवायला लागली. एक बांगडी मनगटावर अडली, ती तिनं जोरानं आत सारली.

असे पाच रविवार गेले. दर शनिवारी ती दुपारनंतर पाणी बंद करायची, दर रविवारी रुद्रेश वेगळाच आकडा वाचायचा आणि दर सोमवारी ती अधाशासारखी जेवायची. आधी तिला भुकेचं भय नव्हतं. आता भूक लागली की तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. रुद्रेश बाहेर गेला की ती ओट्याशी उभी राहून भाकरी खायची आणि तवा लगेच घासून टाकायची.

वर्गात फरहीन नावाची मुलगी यायची. तेवीस वर्षांची, शिवणक्लास चालवणारी, तशी फार जाडही नव्हे. मे महिन्यात मुरगूडला तिचं लग्न ठरलं होतं आणि बघायला आलेल्यांतली एक बाई 'पोरगी जरा भरलेली हाय' असं बोलून गेली होती. तेवढं वाक्य धरून ती वर्गात आली. एका रविवारी ती दानेश्वरीला जिन्यात गाठून म्हणाली, "काकी, माझं तीन आठवडे झाले हलेना. तुमचं कसं काय वाढत न्हाय? मला सांगा की. मी कुणाला सांगत न्हाय."

दानेश्वरीला खरं सांगता आलं असतं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. पण खरं सांगायचं म्हणजे नवऱ्याला खोटं पाडायचं. तिनं अर्धंच सांगितलं. "शनिवारी दुपारनं मी पाणी घेत न्हाय. रात्री जेवत न्हाय."

"बस, एवढंच?" फरहीनचा चेहरा उजळला.

पुढच्या रविवारी फरहीन रांगेत चौथी होती. दानेश्वरी नुकतीच काट्यावरून उतरली होती. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग काहीतरी धपकन पडलं. फरहीन फरशीवर पडली होती, डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे. दानेश्वरीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. शुद्धीवर आल्यावर पोरीनं पाणी घेतलं नाही. "आधी वजन," ती पुटपुटली. "काकी, मी शुक्रवारपासून काय घेतलं न्हाय."

तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. संध्याकाळी दानेश्वरी तिच्या घरी गेली. फरहीन झोपली होती. तिची आई नजीरा दारातच बसून लसूण सोलत होती. तिनं दानेश्वरीला आत बोलावलं, पाट दिला आणि पुन्हा लसूण हातात घेतला. सोलता सोलता म्हणाली, "ताई, तुमचा फोटो तिनं मशिनीवर चिकटवलाय. शिवताना बघत असती. म्या म्हणलं, बाई चांगली दिसती, साखर घालवली म्हणत्यात, चांगलंच सांगत असंल."

दानेश्वरीनं मान खाली घातली. "मी चांगलं सांगितलं न्हाय तिला. पाणी तोडायचं मीच सांगितलं. आणि माझं वजनही तेवढं न्हाय. दीड महिना आकडा खोटा वाचतोय आम्ही."

नजीराचा हात थांबला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग हे तिला उठल्यावर तुमीच सांगा. माझं ऐकायची न्हाय."

फरहीन उठेपर्यंत दानेश्वरी थांबली आणि तिनं सगळं सांगितलं. भाकरीचं, ओट्याशी उभं राहून खाण्याचं, घट्ट बांगडीचंसुद्धा. फरहीननं भिंतीकडं तोंड केलं. "एवढं उपाशी ठेवलंत मला," ती म्हणाली, "आणि तुम्ही जेवत होता."

दुसऱ्या दिवशी दानेश्वरी डॉक्टर संयोगितांकडं गेली. वजन बहात्तर भरलं. साखर तपासली, ती व्यवस्थित होती.

"दिवसाला एक भाकरी, बाकी भाजी, ताक, चालणं, एवढं ठेवा. वेळेवर जेवा," डॉक्टर म्हणाल्या. "बहात्तरला तुमची तब्येत उत्तम आहे. मला यात वाईट काही दिसत नाही. आणि पाणी तोडायचा उद्योग पुन्हा करू नका."

"म्हणजे परत सहासष्ट व्हायला नको?"

"कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर दानेश्वरीकडं होतं, पण ते दवाखान्यात सांगण्यासारखं नव्हतं.

त्या शनिवारी ती नेहमीसारखी पाणी प्यायली, रात्री जेवली, रविवारी सकाळी भाकरीचा चतकोर ताकाबरोबर खाऊन खाली आली. काट्यावर उभी राहिली आणि रुद्रेशनं तोंड उघडायच्या आत तिनं त्याच्या हातातला माईक घेतला.

"एकाहत्तर किलो नऊशे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "मागचे आकडे खरे नव्हते. अव्वाकडं होते तेव्हाच वजन वाढलं. साखर चांगली हाय, डॉक्टर म्हणत्यात असंच राहू दे. पाणी कुणी तोडू नका. फरहीन माझं ऐकून पडली."

दानेश्वरीला हलकं वाटलं. आता लोक उठतील, शिव्या देतील, निघून जातील आणि हे सगळं संपेल, असं तिला वाटलं. तिनं तयारी ठेवली होती.

रुद्रेशनं तिच्या हातातून माईक अलगद काढून घेतला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज बदलला नव्हता.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "वजन कुणाचं वाढत न्हाय? तुमचं वाढतंय, माझं वाढतंय. पण असं चारचौघांत सांगायला किती जणांची छाती हाय? ही बाई परत पहिल्यापासनं सुरू करणार. नव्वद दिवसांत बहात्तरची सहासष्ट, आणि दर रविवारी तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही हिच्यासंगं उतरणार का न्हाय?"

आधी एक हात उचलला गेला, मग दहा. मग टाळ्या पडल्या, आजवर पडल्या नव्हत्या इतक्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तर डोळे पुसत होती. दानेश्वरी अजून काट्यावरच उभी होती. उतरायचं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

दुपारी ती म्हणाली, "मी न्हाय उभी राहणार आता. मला उतरवायचंच न्हाय वजन."

रुद्रेश खुर्चीवर टेकला. "मग मी काय करू, सांग. सायकली विकू? मला दुसरं काय येतंय? लोक माझ्याकडं बघून येत न्हाईत, दानू." त्याचे डोळे भरून आले होते. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं ते कधी बघितलं नव्हतं.

ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. "राहते उभी. पण एक ऐका. माझ्याशिवाय कुणाचाही आकडा माईकवर वाचायचा न्हाय. ज्याचा त्यानं बघायचा. आणि पाण्याचं दर रविवारी मी सांगणार, तुम्ही मधी बोलायचं न्हाय. आणि वाचायचा तो खरा आकडा."

"चालतंय," रुद्रेश लगेच म्हणाला. इतक्या लगेच की आपण काही मिळवलं की दिलं, हे तिला कळेना.

नवा फ्लेक्स आठवड्यात लागला. त्यावर तिसरी दानेश्वरी होती, बहात्तर किलोंची, आणि तिच्यापुढं बाण. वर्गाला जागा पुरेना म्हणून खुर्च्या काढून सतरंज्या घातल्या. फरहीन पुन्हा आली नाही. नजीरानं लग्नाचं बोलावणं मात्र पाठवलं. मुरगूडच्या मांडवात फरहीननं दानेश्वरीला लांबून बघितलं, मान हलवली, आणि पाहुण्यांत मिसळून गेली. तिच्या ताटात बिर्याणी होती आणि ती चवीनं खात होती. दानेश्वरीनं आपल्यासाठी वेगळं केलेलं दही-काकडीचं ताट घेतलं आणि बसली.

जूनच्या एका रविवारी पहिल्या एसटीनं मलकापूरहून एक बाई आली. थोराड, दम लागलेली, कपाळावर घाम. सतरंजीवर बसायच्या आधी तिनं दानेश्वरीचं मनगट दोन्ही हातांत धरलं.

"ताई, तुमास्नीच बघाय आलोय," ती म्हणाली. "गावात समद्यांनी सांगितलं, एकदा त्या बाईला बघून ये."

"पाणी प्यालात का सकाळी?" दानेश्वरीनं विचारलं.

"न्हाय की. वजन करायचं म्हणून."

दानेश्वरीनं तांब्या भरून आणला आणि बाई तो रिकामा करेपर्यंत तिच्यासमोर उभी राहिली. माईकवरून रुद्रेश दानेश्वरीचं नाव घेत होता. तिनं बांगड्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि ती काट्यावर चढली.