टेबलाच्या त्या बाजूनं

तुम्ही माझ्या मावशीला लबाड ठरवलंत, साहेब. देवळाच्या कचेरीत, भर सकाळी, पाळकांच्या आणि दोन वडीलजनांच्या देखत. "बाई पाठांतर करून आल्यात आणि वाचायचं सोंग करतायत," हे तुमचे शब्द. मी दारातच उभा होतो, त्यामुळे ऐकण्यात चूक झाली असेल असं म्हणू नका. चर्च परिषदेचे निरीक्षक म्हणून तुम्ही बारा मंडळ्यांचा कारभार बघता. आमच्या बुधवारच्या शास्त्राभ्यासाला मात्र एकदाही फिरकला नाहीत. तेव्हा तो काय असतो ते आधी ऐकून घ्या. मी नळाची कामं करणारा माणूस, गोड लिहिता येत नाही.

मावशीचं इस्त्रीचं दुकान म्हणजे एक खोली. मधोमध टेबल, दोन जुनी दारं जोडून केलेलं, वर घोंगडी आणि घोंगडीवर चादर. चादरीला ठिकठिकाणी पिवळे चटके. डोक्यावर दोऱ्या आणि दोऱ्यांना लोकांचे सदरे. तुमचा उपासनेचा पांढरा झगाही इथूनच कडक होऊन जातो, हे तुमच्या ड्रायव्हरला माहीत आहे.

तेरा वर्षांपूर्वी कंपाउंडरांनी मंडळीत बुधवारचा शास्त्राभ्यास सुरू केला. उभा जन्म दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरण्यात गेलेला माणूस. त्यांनी मावशीलाही बोलावलं, बुधवारी सहाला देवळात ये म्हणाले. मावशी म्हणाली, "शनिवारच्या आत वसतिगृहाच्या चाळीस चादरी द्यायच्यात. देवाला म्हणावं, तूच इकडं ये."

दुसऱ्या बुधवारी कंपाउंडर काखेत पुस्तक मारून दुकानात हजर. "आलोय," म्हणाले. "खुर्ची आहे का?"

तेव्हापासून अभ्यास दुकानात. टेबलाच्या एका टोकाला खुर्चीवर कंपाउंडर, दोन्ही अंगांना बाकांवर बाकीचे, आणि समोरच्या टोकाला मावशी, उभी, हातात इस्त्री. कंपाउंडरांची एक शिस्त होती. सगळ्यांच्या घरी पवित्र शास्त्र असलं तरी टेबलावर एकच उघडायचं, त्यांचं, मोठ्या टायपाचं. "जो तो आपलं पुस्तक उघडतो आणि आपल्याच पानात शिरतो," म्हणायचे. "इथं सगळ्यांनी एकाच पानावर यायचं." मग ओळीखाली बोट ठेवून, एकेक शब्द सावकाश, औषधाचे थेंब मोजल्यासारखं वाचायचे.

आता नीट ऐका, साहेब, कारण तुमचा सगळा घोटाळा इथंच आहे. मावशी शाळेत गेलेली नाही. एक दिवससुद्धा नाही. पण दर बुधवारी तिच्यासमोर ते पान उघडं, त्यावर बोट चालतंय आणि बोटाबरोबर आवाज चालतोय. कॉलर फिरवता फिरवता ती बघत राहिली. कुणी शिकवलं नाही, तिनंही शिकतेय असं कुणाला सांगितलं नाही. फक्त ती बसली होती, म्हणजे उभी होती, पलीकडच्या बाजूला. आपल्याला ओळ डावीकडून उजवीकडे जाते, तिला उजवीकडून डावीकडे. आपलं पान लांबच्या कडेला सुरू होतं, तिचं तिच्या पोटापाशी सुरू होतं आणि लांब जातं. आपली अक्षरं रेषेला लोंबकळतात, तिची रेषेवर उभी राहतात.

हे उघडकीला आलं तेव्हा सात वर्षं झाली होती. कंपाउंडरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एका ओळीवर त्यांचं बोट अडलं, तसं मावशीनं इस्त्री न उचलता पुढचे चार शब्द सांगून टाकले.

"पाठ आहे होय तुला?" त्यांनी विचारलं.

"पाठ कशाला? दिसतंय की समोर."

त्यांनी मूठभर पानं उलटली आणि म्हणाले, "हे सांग." तिनं वाचलं. पुन्हा उलटली. पुन्हा वाचलं. बाकावरचा भट्टीवाला, म्हणजे पावाच्या भट्टीवर काम करतो तो, तोंडाचा आ करून कधी पुस्तकाकडे तर कधी मावशीकडे बघत होता. "अगं बाई, तू तर वटवाघूळ निघालीस," तो म्हणाला. मावशीनं त्याच्या अंगावर पाण्याचा हबका मारला.

पुढच्या बुधवारपासून कंपाउंडर बोट फिरवायचे आणि मावशी वाचायची. चार वर्षं. दोन वर्षांपूर्वी कंपाउंडर गेले, तसं ती एकटीच चालवते. पुस्तक होतं तसंच खुर्चीकडे तोंड करून ठेवते. खुर्चीत भट्टीवाला बसतो, कारण त्याचे पाय सुजतात.

आणि ती नुसती वाचत नाही, साहेब. विधवा आणि न्यायाधीशाची गोष्ट चालली होती त्या बुधवारचं सांगतो. ती विधवा रोज जाऊन न्याय मागते आणि तो रोज तिला हाकलतो, तुम्हाला ठाऊकच आहे. मावशी वाचता वाचता थांबली.

"रोज जायची म्हणजे रोज कामाचा खाडा," ती म्हणाली. "तिचं काम कोण करत होतं?"

"त्याला काय त्याचं?" भट्टीवाला म्हणाला. "तो बसूनच असतो."

दवाखान्यातली आया म्हणाली, "दारावरचा शिपाईच आधी विचारत असेल, कोण गं तू, कुणाची? आत जायलाच महिना गेला असेल."

अर्धा तास यावरच. रविवारी उपासनेत आम्ही ऐकतो, बुधवारी आम्ही बोलतो. आयाची पाळी अशी की तिला रविवार सुटीचा मिळतच नाही. भट्टीवाला रविवारी सकाळी भट्टीवरून उतरतो तो उभ्या उभ्या झोपत असतो. या माणसांना हा बुधवारच आहे. तो गेला की काही उरत नाही.

मग तुमचं पत्रक आलं. घरोघरच्या अभ्यासांत वाचन करणाऱ्यानं परिषदेचं वाचकपत्र घ्यावं, परीक्षा द्यावी, नाहीतर तो अभ्यास बंद. जे तरीही जमतील त्यांची नावं प्रभुभोजनाच्या यादीतून काढू. पाळकांनी ते रविवारी वाचून दाखवलं, कागदावरून मान वर न करता. ते स्वतः कितीदा बुधवारी दुकानाच्या दारात उभं राहून ऐकून गेलेत. म्हणाले, "ताई, काळजी करू नका. मी साहेबांच्या कानावर घालतो."

घातलं का त्यांनी कानावर? मला माहीत नाही. तुम्हालाच माहीत.

परीक्षेचा अर्ज भरून महिनाभर मी मावशीला अलीकडे बसवून पाहिलं. पान सरळ केलं की ती पहिलीतल्या पोरासारखी एकेक अक्षर चाचपडायची. "डोळे फिरतात रे," म्हणायची. "साठीला आले, आता कुठं डोकं खाली वर करू?" शेवटी मीच म्हणालो, "तुला येतं तसं वाच. लपवायचं कशाला? साहेब शिकलेले आहेत, समजून घेतील." ही माझी चूक. तुमच्याबद्दल चांगलं बोलल्याची.

गुरुवारी अकरा वाजता तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला, मावशी या बाजूला. पाळकांनी पुस्तक तिच्यापुढे सरळ उघडून ठेवलं. तिनं ते अर्धं फिरवून तुमच्याकडे तोंड करून ठेवलं. तुम्ही हसलात.

"बाई, पुस्तक उलटं झालं."

"मला असंच दिसतं, साहेब. तुमच्याकडून सरळ आहे. मी वाचते, तुम्ही ओळीवर बोट ठेवून तपासा."

तिनं वाचलं. तुम्ही दुसरं पान काढलंत, तिनं वाचलं. तिसऱ्या खेपेला तुम्ही नुसत्या नावांच्या यादीचं पान काढलंत, अमक्याचा मुलगा तमका, जे मी जन्मात कुणाला पाठ केलेलं पाहिलं नाही. एका नावावर ती अडखळली, मागं आली आणि नीट म्हणाली. एक वडीलजन रुमालात हसत होते. आणि तुम्ही म्हणालात, पाठांतर. म्हणालात, "इतकी वर्षं ऐकलंय, डोक्यात बसलंय. पुढच्या वर्षी खरोखर वाचायला शिकून या."

मी दारातून म्हणालो, "शास्त्र पाठ असेल, साहेब. मग आजचं वर्तमानपत्र द्या. ते तर सकाळीच छापलंय."

"तुम्हाला इथं कुणी बोलावलंय?"

"कुणीच नाही."

"मग गप्प उभे राहा."

मी गप्प राहिलो. मावशी राहिली नाही. तुमच्यासमोर फाइल उघडी होती, त्यात वरच एक टाइप केलेला कागद. तुमच्या दृष्टीनं सरळ, म्हणजे तिच्यासाठी अगदी बिनचूक ठेवलेला. ती मान जरा पुढे काढून त्याच सुरात वाचू लागली.

"वाचकपदासाठी अर्ज केलेल्या बाई परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्या असून, त्यांच्या दुकानात भरणारा शास्त्राभ्यास या महिन्याच्या अखेरीस बंद करण्यात येत आहे."

तुम्ही कागदावर पंजा ठेवलात. पण तारीख पानाच्या माथ्यावर असते, साहेब. माथा तिच्या बाजूला होता.

"तारीख सोमवारची आहे," मावशी म्हणाली. "आज तर गुरुवार."

पाळक आपल्या चपला बघत होते. वडीलजनांचा रुमाल खाली आला. तुमचे कान लाल झाले आणि तुम्ही ओरडलात, "दुसऱ्याचे कागद वाचायची लाज वाटत नाही?"

"म्हणजे वाचता येतं तर!" मी म्हणालो.

तुम्ही म्हणालात, तो कच्चा मसुदा होता. कारकून पासाचा आणि नापासाचा असे दोन्ही करून ठेवतो.

मावशी म्हणाली, "मग पासाचा दाखवा."

तुम्ही फाइल मिटलीत आणि उठलात. जाताना पुस्तक टेबलावर उघडंच राहिलं, ते तिनं मिटून पाळकांच्या हातात दिलं.

शनिवारी तेच पत्र दुकानात आलं. सोमवारच्या तारखेवर पेनानं रेघ मारून वर गुरुवारची लिहिलेली. दुसरा कागद टाइप करण्याचाही त्रास घेतला नाहीत. पाळक स्वतः घेऊन आले. दारात उभे, घामानं निथळलेले.

"ताई, मी काय करू? माझीही बदली त्यांच्याच हातात आहे."

मावशीनं इस्त्री उभी केली. "तुम्ही त्या खोलीत होतात ना? मग डोळ्यांनी जे बघितलंत ते उद्या उपासनेत सांगा. माझी बाजू घेऊ नका. फक्त बघितलं ते सांगा."

"बघतो," ते म्हणाले.

रविवारी त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, प्रवाशांसाठी केली, सत्तेवर असलेल्यांसाठी केली. गुरुवारबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी मागच्या बाकावरून उठून उभा राहिलो आणि शेवटच्या आमेनपर्यंत तसाच उभा होतो. दोघांनी माझा सदरा ओढला. बसलो नाही.

घरी येताना मी मावशीला म्हणालो, "यादीतून नाव काढतील. आयाचं, भट्टीवाल्याचं, सगळ्यांचं. त्यांना तरी सांगून टाक, येऊ नका म्हणून."

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "पत्र वाचून दाखवीन. मग ज्याचं त्यानं ठरवावं."

बुधवारी तिनं तेच केलं. सहा वाजता टेबलावर आधी तुमचं पत्र ठेवलं आणि वाचलं, यादीतून नाव काढण्याच्या ओळीसकट. "ज्याला उठायचंय त्यानं उठावं," म्हणाली. "मी रागावणार नाही. कपडे मात्र घेऊन जा, तयार आहेत."

भट्टीवाल्यानं खुर्चीत पाय लांब केले. "मला उठवायला दोन माणसं लागतात," तो म्हणाला. "साहेबांना म्हणावं पाठवा."

मी आयाकडे पाहिलं. मला वाटलं, ही जाणार. तिची आई, तिची आजी, सगळ्या त्या यादीत होत्या. प्रभुभोजनाची भाकर तोंडात घेताना ती रडते, मी पाहिलंय. ती उठली, दारापर्यंत गेली, चपला नीट जोडून ठेवल्या आणि परत येऊन बसली. "वाच," म्हणाली.

तेवढ्यात पाळकांची बायको आली. हातात एकच हातरुमाल, इस्त्रीसाठी. "घाई नाही," म्हणाली आणि बाकाच्या कडेला बसली. तास होईपर्यंत उठली नाही. याचाही जाब तुम्ही पाळकांना विचाराल, म्हणून मीच आधी सांगून टाकतो. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. विचारायचं तर मला विचारा.

आम्ही पुढच्या बुधवारीही जमणार आहोत आणि त्याच्या पुढच्याही. दुकान मावशीचं आहे, टेबल मावशीचं आहे आणि पुस्तक कंपाउंडरांनी मरताना तिच्या हातात दिलेलं आहे. वाचकपत्र आता आम्हाला नको. नावं काढायची तर काढा, पण काढताना प्रत्येकापुढे कारण लिहा आणि खाली तुमची सही करा.

हे पत्र मी तुम्हाला पाठवतोय, परिषदेच्या सगळ्या सभासदांना पाठवतोय आणि देवळाच्या फलकावरही लावतोय. फाडलंत तर पुन्हा लावीन, माझ्याकडे वेळ आहे. मला एकाच गोष्टीचं उत्तर पाहिजे, तेही लेखी. सोमवारी मावशीची आणि तुमची गाठसुद्धा पडली नव्हती. मग ती नापास झाल्याचं सोमवारी तुम्हाला कुणी सांगितलं, साहेब?