दोन मंडळांची एकी

कॅरीचं एक मराठी मंडळ, डरॅमचं दुसरं. वीस मैलांत दोन गणपती, दोन दिवाळ्या आणि एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन अध्यक्ष. २००४ साली कॅरीच्या मोरेश्वरकाकांनी मनावर घेतलं, आता मंडळ एकच करायचं. ते प्रतिमाकडे आले.

प्रतिमा अमरावतीला कॉलेजात इतिहास शिकवायची. इथे परदेशात नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची मुभा नाही. शनिवारी लायब्ररीच्या खोलीत अकरा मुलांना मराठी शिकवायची. आठवड्यातले तेवढेच दोन तास तिचे.

"फुटलेली माणसं कुणी कशी जोडली, असं काही दे लिहून," काका म्हणाले. "शिवाजी महाराज नकोत, ते सगळेच सांगतात."

तिची छोटी लेक अबोली दुपारी झोपली की प्रतिमा लिहायला बसे. तिने कॅनडाचा पहिला पंतप्रधान मॅकडोनाल्ड निवडला. प्रांत एकमेकांना पाण्यात पाहत होते, तेव्हा हा गडी हाडवैऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसला. शेजारच्या प्रांतांच्या बैठकीला जहाजातून शॅम्पेन घेऊन गेला. आधी खाऊपिऊ घातलं, मग बोलला. कुणाला रेल्वे कबूल केली, कुणाला त्यांची भाषा.

"हा तर आपल्यातलाच निघाला गं!" काका खूश.

शॅम्पेनऐवजी श्रीखंड-पुरी ठेवून त्यांनी डरॅमवाल्यांना घरी बोलावलं. पुऱ्या प्रतिमानेच लाटल्या. जेवणं आटपेपर्यंत मंडळ एक झालं होतं.

कुणाला काय दिलं, ते तिला मंगळवारी ईमेलमधून कळलं. गणपती कॅरीत. मुलांचा वर्ग डरॅमला, शिकवणार तिथल्या अध्यक्षांच्या पत्नी शैलजाताई.

तिने फोन लावला. "काका, माझा वर्ग?"

"अगं, एकी म्हटली की द्यावं लागतं काहीतरी. तूच लिहिलंस ना?"

"पण दिलंत ते माझं. मला विचारलं कुणी?"

"बरं, सांस्कृतिक समितीत तुझं नाव घालतो. मग तर झालं?"

प्रतिमाला कडवट हसू आलं. पुढचं प्रकरण तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. नोव्हा स्कोशिया या प्रांताला ती एकी नको होती. तिथल्या लोकांनी एकोणीसपैकी अठरा खासदार विरोधातले निवडून दिले. मॅकडोनाल्डने त्यांच्या पुढाऱ्याला मंत्रिपद दिलं, आणि ओरड थंडावली. काका पुस्तक न वाचताच तिथवर पोचले होते. अमरावतीला हा भाग शिकवताना ती त्या पुढाऱ्याची काय टर उडवायची!

"समितीला काम काय असतं?" तिने विचारलं.

"खुर्च्या लावणं, तिकिटं... सुरुवातीला तेवढंच."

येणारे सगळे शनिवार तिच्या डोळ्यांपुढून गेले. भांडी, कपडे, टीव्ही.

"घाला नाव," ती म्हणाली.

मग अकरा घरी कळवायला बसली. पहिला फोन आठ वर्षांच्या गिरिजाने उचलला.

"आता माझा वर्ग नाही गं, राणी."

"म्हणजे क्लास कॅन्सल? येस्स!"

"आईला दे फोन," प्रतिमा म्हणाली.