पेन्सिलची खूण

गीतांजली दातारांच्या ऑर्गनला एकही नळी नव्हती. कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत दोन कीबोर्ड, पायांनी दाबायच्या लाकडी पट्ट्या, संगणक आणि कपाटाएवढा स्पीकर, एवढाच पसारा. इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या चर्चचा ऑर्गन कुणीतरी नळी न् नळी वाजवून ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. तो संगणकातून वाजायचा. तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाई नावाजलेलं काही वाजवत नसत. तिकडच्या आडगावच्या वादकांनी लिहिलेल्या, तिकडेही कुणाला आठवत नसलेल्या रचना त्या हुडकायच्या, वाजवायच्या आणि इंटरनेटवर टाकायच्या. ऐकणारे चाळीसेक.

ऑर्गनचे सगळ्यात खालचे सूर कानांपेक्षा तळपायांना कळतात. स्पीकर आणला तेव्हाच बाईंनी एकेक पट्टी दाबून पाहिली होती. तळाच्या एफ या स्वराला, सेकंदाला बावीस कंपनांना, खोलीची जमीन थरथरायची आणि तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची. प्रत्येक जमिनीचा असा आपला एक सूर असतो. म्हणून स्वरलिपीत तो एफ दिसला की त्या पेन्सिलने फुली मारत आणि तिथे आवाज उतरवत.

गेले दोन महिने मात्र सगळं हेडफोनवर चाललं होतं. खालच्या प्रीतम घरतने सोसायटीत तक्रार केली होती. ‘काकू, तुमच्या भोंग्याने आईला टेन्शन येतं.’ बाईंनी लेखी हमी दिली आणि स्पीकर बंद केला. मग त्याच्याच घरात हातोडे सुरू झाले. आज नव्या हॉलमध्ये सत्यनारायण होता.

रविवारी सकाळी दहाला खाली भांडी, खुर्च्या, हसणं. एका श्रोत्याने लिहिलं होतं की मागच्या ध्वनिमुद्रणात तळाचे सूर जाणवत नाहीत. एवढ्या गलक्यात दोन मिनिटांनी कुणाचं काय जातंय, असं म्हणून बाईंनी स्पीकर लावला.

फुली आली. सवयीने त्यांनी आवाज उतरवला आणि तांब्याकडे पाहिलं. पाणी स्थिर. आवाज वाढवला. तरी स्थिर.

दोन ओळी पुढे तळाचा डी आला. पाणी तांब्याबाहेर उडालं, कपाटाची काच करकरली. त्यांनी पाय झटकन उचलला.

आधी त्यांनी स्पीकरवर संशय घेतला. मोबाइलवर मोजलं. एफ बावीस, डी अठरा. यंत्र बरोबर होतं. बदलली होती ती जमीन. जमिनीचा सूर उतरतो तो ताठपणा गेला की, आणि ताठपणा जातो तो सुराच्या वर्गाच्या प्रमाणात. बाईंनी कागदावर गुणाकार केला. जवळजवळ तीस टक्के ताठपणा गेला होता. पेन्सिल तशीच हातात धरून त्या जिना उतरल्या.

दार उघडंच होतं. गाद्यांवर चाळीसएक माणसं. प्रीतम रेशमी कुर्त्यात.

“काकू, या! मगाशी भोंगा वाजला ना? आज माफ!”

“प्रीतम, इथे खांब होता.”

“होता ना. बरोब्बर मधे यायचा, टीव्ही दिसायचा नाय.”

“माझ्या घरात तो अजून आहे. तुझ्या डोक्यावर.”

“काँट्रॅक्टर बोलला, काय नाय होत. महिना झाला, पडलं काय?”

“सगळ्यांना खाली उतरव. आत्ता.”

“तुमच्या बाजाने सांगितलं?” पाहुणे हसले.

“हो.”

भटजींनी मान हलवली. “कलश मांडलाय. आता पूजा हलवता येत नाही.”

चौरंगाशेजारी प्रीतमची आई बसली होती. बायजाबाईंचं उभं आयुष्य जासई गावात गेलेलं. फ्लॅटमध्ये त्या पाहुण्यासारख्याच वावरायच्या. त्यांनी गीतांजलींचा हात धरून त्यांना खाली वाकवलं.

“बाई, एक इचारू? ही वालू कनची गो? रोज सकाली देव्हाऱ्यावर परते. मी पुसतंय न् गप बसतंय. पोराने हौसेनी केलाय ना.”

“कुठून पडते?”

बायजाबाईंनी वर बोट केलं. पांढऱ्याशुभ्र छतात केसाएवढी रेघ होती, भिंतीपासून पंख्यापर्यंत. गीतांजलींच्या तोंडाकडे बायजाबाईंनी क्षणभर पाहिलं. मग पदर खोचून उठल्या आणि मांडलेला कलश दोन्ही हातांनी उचलला.

“आई! अपशकुन होल!”

“देव खाली चाललाय. ज्याला पूजा पाहिजे त्याने या.”

कुणी हसलं नाही. आधी भटजी, मग बायका, मग चपला शोधत पुरुष. गीतांजली जिन्याच्या वळणावर उभ्या राहून डोकी मोजत होत्या. बेचाळीस.

प्रीतम सगळ्यात शेवटी पार्किंगमध्ये आला. खांद्यावर पांढरी भुकटी, हातात कुलूप.

“काकू,” तो हळू बोलला, “दार लागत नाय. सकाळी लागत होतं. आता चौकटीत बसतच नाय.”

गीतांजलींनी वर पाहिलं. पहिल्या मजल्यावर कुणी कपडे वाळत घालत होतं. चौथ्यावर कुकरची शिट्टी झाली.

“वर जाऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “सोसायटीच्या ग्रुपवरचे सगळे नंबर काढ. चौथ्या मजल्यापासून सुरुवात कर. मी अग्निशमनला लावते.”

तो फोन कानाला लावून उभा राहिला. वर, घरतांच्या रिकाम्या हॉलमध्ये, काहीतरी लहानसं फरशीवर पडल्याचा आवाज आला.